अपंगांस सुगम असे विश्रामगृह : उभारणी, व्यवस्था आणि प्रसार

धर्मशाळा बांधणे ही गोष्ट आपल्या समाजास नवी नाही. श्रवणबेळगोळ, शत्रुंजय, सम्मेदशिखर, गिरनार यांपैकी कोठेही जावे, तेथे कोणा ना कोणा व्यापारी घराण्याने बांधलेली खोली यात्रेकरूची वाट पाहत उभी असते. पर्वतावर ज्यास चालवत नाही त्याच्यासाठी डोलीही असते. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या किंवा शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या पायांनी अधू असलेला भाविक डोलीत बसून चढतो. गिरनारवर तर सन २०२० च्या ऑक्टोबरपासून रज्जुमार्गही सुरू झाला आहे. तथापि त्याच भाविकास धर्मशाळेच्या दारातील चार पायऱ्यांसाठी डोली मिळत नाही, आणि स्नानगृहाच्या उंबऱ्यासाठी तर कोणीच मिळत नाही. डोंगराचा विचार आपण केला, दाराचा केला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हे दार आहे.

हा विषय आम्हांस ग्रंथातून सुचला नाही. आमच्या पेढीचे दक्षिण गोव्यात समुद्रापासून जवळच एक जुने चिरेबंदी घर आहे. प्रथम ते कुटुंबाच्या हवापालटासाठी होते. पुढे त्याचे अकरा खोल्यांचे विश्रामगृह झाले. बेळगावहून चोर्ला घाटाने उतरले की गोवा काही दूर नाही, म्हणून दर वर्षी दिवाळीनंतर घरातील मंडळी तेथे जात. आमच्या थोरल्या आत्याबाई मात्र घरीच राहत. लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले. परंतु हिशेबात त्यांच्याइतका पक्का माणूस पेढीवर दुसरा नाही. आम्ही गोव्यास जायचो तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्यापाशी असत, आणि त्यात आम्हांस कोणासही काही वावगे वाटत नसे. त्यांना कोणी 'येऊ नका' असे कधीच म्हटले नाही. 'येता का?' असेही कोणी म्हटले नाही.

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी एके दिवशी खतावणी मिटता मिटता विचारले, "गोव्याच्या घराला पायऱ्या किती आहेत रे?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. एकोणीस वर्षे ते घर आमच्या मालकीचे होते. खोल्यांचे भाडे, नारळांचे उत्पन्न, कौलांची संख्या, सारे तोंडपाठ होते. पायऱ्यांची संख्या सांगता आली नाही. फोन करून विचारावे लागले. पायऱ्या पाच होत्या.

येथे शब्दांविषयी दोन शब्द. कायद्याने आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ केला आहे आणि सरकारी कागदांत तोच लिहावा. आत्याबाई स्वतःस अपंगच म्हणवतात. आम्ही या लेखात दोन्ही शब्द वापरले आहेत; वाचकांनी त्यात अनादर मानू नये.

आपल्या परंपरेत या कार्यास आधार शोधावयास दूर जावे लागत नाही. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्याचे चार प्रकार दानरूपाने सांगितले आहेत : आहार, औषध, उपकरण आणि आवास. मूळ संदर्भ संयमी मुनिजनांच्या सेवेचा आहे, हे आम्ही विसरत नाही. परंतु उपकरण आणि आवास ही दोन नावे अन्न-औषधाच्या पंक्तीस बसविली गेली, हे गृहस्थाने मनन करण्याजोगे आहे. आहारदान आणि औषधदान आपल्याकडे भरपूर होते. आवासाचे दानही होते. परंतु ते चालत्या माणसासाठी होते.

उपकरणाच्या बाबतीत जयपूरचे उदाहरण सर्वश्रुत आहे. सन १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा कृत्रिम पाय सिद्ध केला, आणि सन १९७५ मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी स्थापिलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गरजूंस विनामूल्य पोहोचविण्याचे व्रत घेतले. त्या पायाचे मर्म असे की तो घालून अनवाणी चालता येते, मांडी घालता येते, उकिडवे बसता येते. परदेशी पाय बुटासाठी घडविलेला होता. हा पाय शेताच्या बांधासाठी आणि मंदिराच्या फरशीसाठी घडविला गेला. माणूस ज्या रीतीने राहतो ती रीत आधी पाहावी आणि मग वस्तू करावी, एवढीच त्यातील विद्या. विश्रामगृहासही तीच लागते.

आता कायदा. सन १९९५ चा पहिला कायदा अपंगत्वाचे सात प्रकार मानीत असे. सन २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, एकवीस प्रकार मानतो. व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की 'सार्वजनिक इमारत' याचा अर्थ केवळ सरकारी कचेरी असा नाही. जेथे सर्वसामान्य लोक ये-जा करतात अशी खाजगी इमारतही त्यात येते. दुकान आले, विश्रामगृह आले. सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या नव्या इमारतीस पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे कलम ४४ सांगते. कायद्याच्या भंगास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे ठरवून बंधनकारक नियम करण्याचा आदेश न्यायालयाने केंद्र सरकारास दिला. सबब नवे बांधकाम हाती घेणाऱ्या सभासदाने आजच मापे बरोबर धरलेली बरी. भिंत बांधताना दार रुंद करण्यास जवळजवळ काही पडत नाही; बांधलेली भिंत फोडून तेच करण्यास किती पडते, ते आम्ही मोजले आहे.

मापांत सर्वांत आधी उतार, म्हणजे ज्यास सर्वत्र रॅम्प म्हणतात तो. नियम असा की एक फूट चढावयाचे असेल तर किमान बारा फूट लांबी हवी. आमच्या पाच पायऱ्या प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या, म्हणजे जोते ७५ सेंटिमीटर उंच. बारापटीने ९ मीटर लांबी होते. अंगणात तुळशीवृंदावन होते, विहीर होती, मोटारीची जागा होती. गवंडी म्हणाला, "मालक, एवढा लांब कशाला? चार मीटरमध्ये बसवतो." आम्ही मान डोलावली. गोदामाच्या फळीवरून भरलेली हातगाडी चढते, मग खुर्ची का चढणार नाही, असा आमचा व्यापारी हिशेब होता. तो उतार सुमारे सव्वापाचास एक असा झाला.

आत्याबाई प्रथम आल्या तेव्हा आमचा पुतण्या खुर्ची ढकलीत होता. निम्म्यावर गेल्यावर त्याचे पाय घसरले आणि खुर्ची उलट्या दिशेने येऊ लागली. खाली उभ्या असलेल्या मोटारचालकाने ती छातीवर झेलली, म्हणून अनर्थ टळला. त्याच्या बरगडीस मार बसला, आत्याबाईंच्या हातास खरचटले. त्यांनी उतरल्यावर उताराकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, "हा मालाचा रस्ता आहे. माणसाचा कुठे आहे?" त्या रात्री त्या खालच्या मजल्यावरील व्यवस्थापकाच्या कचेरीत झोपल्या आणि दुसऱ्या दिवशी समुद्र न पाहताच परत गेल्या. हा दोष सर्वस्वी आमचा होता. गवंड्यास नियम ठाऊक नव्हता. आम्हांस ठाऊक होता आणि आम्ही तो जागेच्या लोभाने मोडला होता.

नंतर तो उतार फोडून दोन टप्प्यांचा केला. साडेचार मीटरचा एक टप्पा, मग दीड मीटर सपाट विसावा, तेथे वळण, आणि पुन्हा साडेचार मीटर. दोन्ही अंगांस कठडा, आणि कडेला चार बोटे उंचीची कड, म्हणजे चाक बाहेर जाऊ नये. मोटारीची जागा हलवावी लागली. तुळस जेथल्या तेथे राहिली.

दारांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी, आणि ती चौकटीची न मोजता दार उघडल्यावर उरणाऱ्या वाटेची मोजावी. मुठीऐवजी खाली दाबण्याचा दांडा बसवावा. ज्याची बोटे वळत नाहीत तो कोपरानेही दार उघडू शकतो. उंबरठ्याचा प्रश्न मात्र आमच्या घरी नाजूक ठरला. उंबरठा काढणे आमच्या मातोश्रींच्या मनास येईना. दररोज त्यावर हळदकुंकू वाहिले जाते. अखेर जमिनीच्या पातळीत पितळी पट्टी बसविली. पूजा तिचीच होते, आणि चाकही अडत नाही.

विश्रामगृहाची खरी परीक्षा स्नानगृहात होते. खुर्ची जागच्या जागी वळण्यास दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. बहुतेक जुन्या स्नानगृहांत ते निघत नाही, म्हणून आम्ही दोन खोल्यांची स्नानगृहे एक केली आणि एक खोली गमावली. दार आत उघडणारे नसावे. आत कोणी पडला तर त्याच्याच देहाने दार अडते. सरकते दार उत्तम. शौचपात्राची बैठक खुर्चीच्या बैठकीइतकी, म्हणजे ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच ठेवावी. खुर्ची शेजारी लावून अंग सरकविता आले पाहिजे, म्हणून एक बाजू रिकामी सोडावी. पाणी बाहेर येऊ नये यासाठी उंबरा न घालता फरशीस किंचित ढाळ द्यावा आणि दारापाशी जाळीची पन्हळ घालावी. फरशी खरखरीत हवी. चकचकीत फरशी पाहून पाहुणे स्तुती करतात आणि मग घसरतात.

आधारदांड्याविषयी दोन अनुभव समुद्रकाठच्या सभासदांच्या उपयोगी पडतील. पहिला : खाऱ्या हवेत साधे पोलाद टिकत नाहीच, परंतु बाजारात सर्रास मिळणारे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टीलही डागाळते. मॉलिब्डेनम मिसळलेले ३१६ प्रतीचे घ्यावे. महाग आहे, पण दोनदा घ्यावे लागत नाही. दुसरा : जांभ्या दगडाची भिंत मऊ असते. त्यात ठोकलेला खिळा चित्र धरतो, माणूस धरीत नाही. आमचा पहिला दांडा महिनाभरात हलू लागला. आता भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पत्रा बसविला आहे, आणि व्यवस्थापक दर सोमवारी स्वतः त्यावर लोंबकळून पाहतो.

भोजनगृहात पाटावरची पंगत आम्ही बंद केली नाही. तिच्या शेजारी मेजे मांडली, आणि खाली गुडघे जातील एवढी मोकळीक ठेवली. सूर्यास्तापूर्वी जेवण हा आपला नियम येथे अकल्पित रीतीने सोयीचा ठरला. ज्यांस औषधे वेळेवर घ्यावयाची असतात त्यांस लवकर जेवण मानवते. दृष्टिहीन पाहुण्यास ताट वाढताना वाढप्याने घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे सांगावे : बारावर भाजी, तीनवर वरण, सहावर पोळी. एकदा सांगितले की माणूस आपले आपण जेवतो.

चैत्यालयाचा प्रश्न आम्हांस अनेकांनी विचारला. बाहेरची चाके आत कशी न्यावीत? आम्ही चैत्यालयासाठी एक निराळी खुर्ची ठेवली आहे. ती दाराबाहेर जात नाही. पाहुणा दारापाशी एका खुर्चीतून दुसरीत बसतो. ज्यास बदल शक्य नसेल त्याच्या खुर्चीची चाके ओल्या फडक्याने पुसतात. पायास बांधावयाच्या कॅलिपरला पुष्कळदा चामड्याचे पट्टे आणि चामडी बूट असतो. तो काढला तर माणूस उभा राहू शकत नाही, आणि न काढला तर स्वतः त्यालाच संकोच वाटतो. कापडी पट्ट्यांचे कॅलिपर मिळतात. कोणी नवे करवीत असेल तर तसे सांगावे. तोपर्यंत निराळी खुर्ची आहेच.

चालण्यातील अडचण तेवढीच अपंगत्व नव्हे. सन २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, आणि त्यांत दृष्टीचे व श्रवणाचे अपंगत्व असलेल्यांची संख्या चालण्याच्या अपंगत्वाच्या जवळपास आहे. कर्णबधिर पाहुण्याच्या दारावर टकटक करून उपयोग नाही; घंटेची कळ दाबली की आत दिवा लुकलुकेल अशी योजना करावी, आणि आगीच्या इशाऱ्यासही तोच दिवा जोडावा. दृष्टिहीनांसाठी खोलीचे क्रमांक बोटास लागतील असे उंचावलेले व ब्रेलमध्ये असावेत. त्यांच्यासाठी सर्वांत मोठी सोय फुकट आहे : खोलीतील खुर्ची-मेज न हलविणे. झाडणाऱ्या बाईने टोपली हातभर अलीकडे ठेवली, एवढ्याने एक पाहुणा आमच्याकडे पडला आहे. स्वमग्न मुलांच्या आईबापांस शांत कोपऱ्यातील खोली हवी असते, आणि त्याहूनही अधिक, मूल ओरडले तर वळून न पाहणारे नोकर हवे असतात.

नोकरांच्या शिक्षणास आम्ही बांधकामाहून अधिक वेळ दिला. नियम थोडे आहेत. पाहुण्याशी बोलावे, त्याच्या सोबत्याशी त्याच्याविषयी बोलू नये. 'साहेबांना चहा चालेल का?' असे पत्नीस विचारणे हा आमच्याकडे गुन्हा समजला जातो. विचारल्याशिवाय खुर्चीस हात लावू नये. विचारल्याशिवाय उचलू तर मुळीच नये. आमचे हमाल पोती उचलण्यात निष्णात आहेत, आणि पहिल्या दिवशी त्यांनी मोठ्या प्रेमाने एका वृद्ध गृहस्थांस पोत्यासारखेच उचलले होते.

आता समुद्र. साधी खुर्ची वाळूत दोन हात जाऊन रुतते. रुंद, फुगीर, कमी हवेच्या चाकांची खास खुर्ची मिळते; ती वाळूवरून जाते आणि उथळ पाण्यातही नेता येते. तिला होडी समजू नये; दोन माणसे दोन्ही बाजूंस हवीतच. वाळूवर पक्की वाट बांधता येत नाही, कारण सन १९९१ पासून किनाऱ्यावरील बांधकामास किनारी नियमनाच्या अधिसूचना लागू आहेत. म्हणून गुंडाळता येणारी जाड चटई सकाळी अंथरतो आणि सायंकाळी उचलतो. अमेरिकेत सॅन अँटोनियो येथे अपंग मुलांसह सर्वांसाठी सन २०१० मध्ये 'मॉर्गन्स वंडरलँड' नावाचे उद्यान उघडले. सन २०१७ मध्ये तेथे पाण्याचे क्रीडांगण जोडले, तेव्हा विजेच्या खुर्च्या भिजू नयेत म्हणून दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या ठेविल्या गेल्या. आपणांस तेवढे जमणार नाही. पण विजेची खुर्ची भरतीच्या रेषेपुढे नेऊ नये, एवढा बोध घेता येतो.

प्रसाराविषयी आमचे मत पुष्कळांस रुचत नाही. जाहिरातीत 'अपंगांसाठी सर्व सोयी उपलब्ध' असे कधीही लिहू नये. या वाक्यावर विसंबून निघालेली माणसे रात्री अकरा वाजता दारातल्या पायऱ्यांपुढे थांबलेली आहेत. सोयींची नावे न देता मापे द्यावीत. दार किती, उतार किती, पलंगाची उंची किती, स्नानगृहाचे छायाचित्र कसे, आणि काय नाही तेही. आमच्या पत्रकात स्पष्ट छापले आहे की अकरांपैकी (आता दहांपैकी) तीनच खोल्या सुगम आहेत, वरच्या मजल्यास लिफ्ट नाही, आणि रात्री परिचारिका नसते. हे वाचून काही जण येत नाहीत. जे येतात ते फसलो म्हणत नाहीत, आणि ते दुसऱ्यांस सांगतात. या व्यवसायात त्याहून मोठी जाहिरात आम्हांस आढळली नाही. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीस 'पर्पल फेस्ट' हा दिव्यांगांचा महोत्सव प्रथम भरला. अशा मेळाव्यांत, विशेष शाळांत, अस्थिरोग आणि पुनर्वसनाच्या दवाखान्यांत पत्रके ठेवावीत.

आणि हे दान आहे की व्यापार? आमच्या मते व्यापार, आणि तो तसाच राहावा. सुगम खोलीस आम्ही जादा भाडे घेत नाही. रुंद दाराचे भाडे घेणे लाजिरवाणे आहे. फुकटही देत नाही. फुकट राहणारा माणूस गळक्या नळाविषयी तक्रार करीत नाही, आणि तक्रारीविना घर सुधारत नाही. अपंग पाहुणा एकटा येत नाही. मागोमाग कुटुंब येते, आणि ते शांत दिवस पसंत करीत असल्याने सुट्टीच्या गर्दीबाहेर येते. त्या खोल्यांत गुडघे दुखणारे आजीआजोबा, पाळणागाडीतील मुले आणि प्लास्टरमधला पाय घेऊन आलेला क्रिकेटपटू हेही राहतात. बांधकामास गेलेली रक्कम अद्याप पूर्ण वसूल झालेली नाही. आत्याबाईंच्या खतावणीत तिचे पान निराळे आहे आणि ते त्या कोणास लपवू देत नाहीत.

त्या दुसऱ्यांदा गोव्यास आल्या त्या अपघातानंतर अकरा महिन्यांनी. उतारावर स्वतः हातांनी चाके फिरवीत चढल्या, विसाव्यावर थांबल्या आणि पुन्हा चढल्या. सकाळी चटईवरून पाण्यापर्यंत नेले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नंतर ओहोटी किती वाजता सुरू होते, ते विचारले आणि वहीत लिहून घेतले. आता दरसाल येतात आणि आल्यावर व्यवस्थापकाच्या हातून मोजपट्टी मागून घेतात.

ज्या सभासदांस आपल्या धर्मशाळेत किंवा विश्रामगृहात असे काम करावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. नकाशे, बिले आणि फोडलेल्या पहिल्या उताराची छायाचित्रे आम्ही दाखवू. पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला असतो आणि वाळूची खुर्ची बाहेर काढीत नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. येताना आपल्या जोत्याची उंची मोजून आणावी.